ताईच्या कथेचा शेवट

हॉस्पिटलच्या तळघरात जुने केसपेपर लावून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. पेशंट बरा होऊन गेला काय किंवा तसाच गेला काय, कागद खाली यायचे आणि ती ते नंबराप्रमाणे रॅकवर चढवायची. दुपारनंतर खाली कुणी फिरकत नसे. तेव्हा ती पाठकोऱ्या फॉर्मांवर कथा लिहायची. एक ओळही छापून आली नव्हती तेव्हापासून वरचे कारकून तिला लेखिकाबाई म्हणायचे. त्यात कौतुक नव्हतं.

कथांना मान देणारं मासिक शहरात एकच होतं. तिथून तिच्या चार कथा साभार परत आल्या. पाचवी छापली गेली. अंक हातात आल्यावर तिने तो दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्याच वाचला. कथा तिचीच होती, पण शेवटचं पान तिचं नव्हतं. संपादकांनी ते काढून स्वतःचं घातलं होतं. आंधळा मागतो एक डोळा. हिला तो मिळाला, पण संपादकांच्या चष्म्यासकट. तिने मनाची समजूत घातली, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. दोन वर्षांत अशा सहा कथा आल्या आणि सहाही वेळा ती मूग गिळून बसली.

घरी आई होती आणि थोरली बहीण. ताई नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून एका पिशवीनिशी परत आली होती. शाळेचे गणवेश शिवून ती आपलं भागवायची. आईने तिला घरात घेतलं, पण मनातून कधी घेतलं नाही. कुठलंही बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचं: बाईने परत जावं.

एका रविवारी कापड बेतता बेतता ताईने धाकटीला सगळं सांगितलं. नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. एकदा ती आत तापाने फणफणली होती, शेजारीण खिडकीच्या गजांतून पाणी देत होती. हे ताईने आईलाही सांगितलं नव्हतं.

"लिहू का यावर?" धाकटीने विचारलं.

ताईने कात्री खाली ठेवली. "लिही. पण ती परत जात नाही, एवढं नीट लिही."

तिने तसंच लिहिलं. चार वेळा खोडून लिहिलं. तळघरात बसून शेवटचं वाक्य पुरं केलं, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच लेखिका आहोत.

अंक आला. छापलेल्या कथेत नवरा आजारी होऊन दारात येतो, बाई रडत त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि त्याच्याबरोबर निघून जाते.

तिने अंक कपाटात कपड्यांखाली दडवला. पण शेजारणीने स्वतःकडचा अंक आईला वाचून दाखवला. आईला तर आयतंच मिळालं. जेवताना ती ताईला म्हणाली, बघ, तुझ्या शिकलेल्या बहिणीलाही हेच वाटतं.

ताईने हात धुतले, अंक मागून घेतला आणि मशीनपाशी बसून सबंध वाचला.

"शेवट संपादकांनी बदलला गं," धाकटी म्हणाली.

"आधीच्या सहा कथांचे कुणी बदलले?"

"त्यांनीच."

"म्हणजे तुला माहीत होतं," ताई म्हणाली. "माहीत असून तू मला त्यांच्या हाती दिलंस."

पंधरा दिवसांत ताईने गणवेशाच्या दुकानामागे एक खोली पाहिली आणि मशीन घेऊन गेली.

लेखिकाबाई रजा टाकून संपादकांकडे गेली. पुढच्या अंकात खुलासा छापा, म्हणाली. त्यांनी शांतपणे वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा पुढे सरकवला. कित्येक बायकांनी लिहिलं होतं की शेवट वाचून डोळे भरून आले. मग ते म्हणाले, माझी पद्धत पटत नसेल तर तुम्ही दुसरीकडे लिहावं. दुसरीकडे जागाच नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तीन महिन्यांनी तिने त्यांनाच पुढची कथा पाठवली. तिचाही शेवट त्यांनी बदलला.

अकरा वर्षांनी तिचा कथासंग्रह निघाला. त्यात ताईची कथा जशी लिहिली होती तशी होती. पहिली प्रत घेऊन ती दुकानामागच्या खोलीत गेली. ताईने शेवटचं पान उघडून वाचलं.

"मासिक किती लोक वाचायचे?" तिने विचारलं.

"सात-आठ हजार."

"आणि हे?"

पाचशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा अजून प्रकाशकाकडेच पडून होत्या. तिने तसं सांगितलं. ताईने पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं आणि अर्धवट राहिलेली बाही पुन्हा मशीनखाली सरकवली.

पुढे त्यांचं बोलणं सुरू झालं, पण आईच्या औषधपाण्यापुरतंच. ताईने तिला पुन्हा मनातलं काही सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत धाकटीला झाली नाही.