काचेवरचं वाळवण

उधवा गावातल्या आमच्या घरात त्या दुपारी सगळ्यांचे कान एकाच आवाजाकडे होते, सासऱ्यांच्या ऑक्सिजन मशीनच्या घरघरीकडे. बाबांनी उभा जन्म खडीच्या क्रशरवर काढला, धुळीने फुप्फुसं खाल्ली. आता नाकाला नळी आणि नळीचा जीव विजेवर. वीज सकाळीच गेलेली. जायचीच! पूर्वी इथे कुडाची, कौलारू घरं होती. आता जिकडेतिकडे स्लॅब. आत बसवत नाही म्हणून घरोघरी कुलर आले, आणि एवढ्या कुलरांनी डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. ऊन जास्त, त्याच दिवशी नेमकी वीज नाही.

म्हणून तर स्लॅबवर सोलर बसवून घेतलं होतं. ऊन आहे तोवर बाबांची काळजी नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची.

आणि भर दुपारी इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला. बॅटरी संपत आलेली. बाहेर डोळे उघडवत नव्हते असं ऊन, आणि चार्जिंगचा दिवा बंद! ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरायला डहाणूला गेलेला, तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता. नवरा राज्याच्या बॉर्डरपलीकडे कंपनीत ड्युटीवर.

सोलर बसवणाऱ्याला फोन लावला. "ताई, पॅनलवर सावली आलीय का?"

"सावली? अहो, इथे झाडाखालीसुद्धा सावली राहिली नाही, आणि तुम्ही पॅनलवरची विचारताय!" मी त्याच्यावरच उखडले.

"तरी एकदा वर जाऊन बघा ना."

सासूबाई बाबांच्या उशाशी बसून पदराने वारा घालत होत्या. मी शिडीवर पाय ठेवला आणि आतलं मशीन बंद पडलं. "अगं ए, लवकर कर गं काहीतरी!" सासूबाई ओरडल्या. शिडीच्या सळया हाताला चटकत होत्या.

वर गेले तर काय? सगळ्या काचांवर सासूबाईंचं जुनं लुगडं ताणून बसवलेलं, चारी टोकं खालच्या लोखंडाला गच्च बांधलेली, आणि त्यावर नागलीचे पापड. कोंबड्या नाहीत, शेळ्या नाहीत, धूळ नाही. वाळवणाला याहून चांगली जागा गावात शोधून सापडली नसती.

गाठी सुटेनात. दातांनी सोडवल्या, उरलेलं लुगडं टरकावलं. पापड स्लॅबभर उडाले, त्यांच्यावरूनच धावत मी खाली आले. इन्व्हर्टरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बाबांचे ओठ निळे पडायला लागले होते, नजर छताला लागलेली. देवा, देवा, म्हणत तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठे दिवा लागला आणि मशीन घरघरलं.

बाबांच्या ओठांवर रंग परत येईपर्यंत आम्ही दोघी त्यांचा एकेक हात धरून बसलो. मग माझा तोल सुटला. "आई, अक्कल गहाण ठेवली होती का? मारलं असतं ना त्यांना!"

सासूबाईंना आधी कळेचना. मग त्या चाचरत म्हणाल्या, "अगं, पण काच तर तापलेलीच होती. लुगड्याखाली हात घालून बघितला मी. तापली की होते ना वीज?"

"तापून नाही होत! उजेड पडावा लागतो तिच्यावर!" हे मला तरी त्या फोनआधी कुठे माहीत होतं? पण त्या क्षणी मी ठणकावून सांगितलं. "आणि एवढी कसली घाई होती पापडांची? कोण खाणार होतं?"

त्यांनी बाबांच्या कपाळावरचा घाम पुसला. "यांना पावसात लागतात गं. नागलीचा पापड भाजून दिल्याशिवाय भाकर उतरत नाही यांना."

डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला बाहेर बोलावून पावसाळ्यापर्यंतसुद्धा आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते मनोमन मान्यही केलं होतं. बाबा पावसाळा बघणार हे धरून चाललेलं घरात एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाचे पापड मी तुडवून आले होते.