वाढव म्हणू नका

अख्ख्या रत्नागिरीत माझ्या आतोबांइतका अपशकुनी माणूस दुसरा नव्हता, आणि हा मान त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावला होता. ऐंशी सालानंतर तर त्यांना मंगलकार्याला बोलवावं की नाही, यावर आमच्या नात्यात बैठका व्हायच्या. बोलवावं तर ते येऊन 'बंद' म्हणणार, न बोलवावं तर आत्या रुसणार. आता तुम्ही म्हणाल, बंद म्हटलं तर बिघडलं काय? तर आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझत नाही, दुकान बंद होत नाही, बांगडी फुटत नाही. सगळं आपलं वाढत असतं. आतोबांना मात्र 'वाढव' शब्द ऐकला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. मांडवीच्या नाक्यावरचा वाणी एकदा सहज म्हणाला, "थांबा, दुकान वाढवतोच आहे, बरोबर जाऊ." आतोबा म्हणाले, "वाढवतोयस कुठं मेल्या? फळ्या लावतोयस. बंद म्हण, बंद." बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी दारावर लिंबू-मिरची टांगली. माझ्या मुलाच्या बारशाला माझी बायको म्हणाली, "आतोबा, तेवढा पंखा वाढवा हो, बाळाला वारा लागतोय." हे बटणाशी उभे. "जोरात फिरवू की बंद करू? नीट सांग, पोरी. जिवाशी खेळ असतो." भर बारशात जिवाशी खेळ! आत्या तरातरा आली आणि म्हणाली, "तुमच्या तोंडाला काही धरबंद आहे का?" "आहे ना," आतोबा म्हणाले, "बंदच आहे."

दुसरी खोड कात्रीची. आतोबा लाकडाच्या वखारीत मुकादम. आंब्याच्या पेट्यांसाठी फळ्या कापायच्या आणि पेट्या ठोकायच्या, हे तिथलं काम. मीही पेट्या ठोकायलाच होतो. आतोबा कमरेला कात्री लावून फिरत आणि लांब बाहीचा शर्ट दिसला की बाही कोपराच्या वर कापून टाकत. स्वतः लग्नाकार्यालासुद्धा बिनबाह्यांची बंडी घालून जात. माझ्या लग्नातला टेरिकॉटचा शर्ट मी हौसेने एक दिवस वखारीत घालून गेलो, तर घरी बंडीच घेऊन आलो. वर म्हणाले, "शर्ट दुसरा शिवता येतो." मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पण आतोबा पहिल्यापासून असे नव्हते. उलट वखारीत शुभ-अशुभ पाळण्यात त्यांचाच पहिला नंबर. शेठचा जुना दंडक होता की चालत्या धंद्यात 'बंद' हा शब्द उच्चारायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे इंजिन थांबवायचं असलं की 'वाढव रे' अशी हाळी द्यायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. करवतीचं डिझेल इंजिन भिंतीपलीकडच्या पडवीत, तिथून एक लांब पट्टा आत करवतीपर्यंत आलेला. इंजिनवाल्याला आतलं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. एका हंगामात इंजिनावर भिकू आला. घाटावरचा, उसाच्या गुऱ्हाळावर राबलेला माणूस. दोनच दिवस झाले होते त्याला. त्या सकाळी सदाची बाही पट्ट्यात गेली. सदा म्हणजे आतोबांच्या हाताखाली फळ्या लावणारा, त्यांच्याच वाडीतला. तोही ओरडला नाही इतक्या जोराने आतोबा ओरडले, "वाढव! भिकू, वाढव!" आणि भिकूने इंजिन वाढवलं. त्याच्या गुऱ्हाळावर वाढव म्हणजे जोर वाढव.

सदाला आम्ही दाराच्या फळीवर घालून नेलं. इस्पितळ यायच्या आधीच तो गेला. त्याचं तेरावं झाल्यावर आतोबा कामावर आले ते कात्री घेऊन, आणि आल्या आल्या सगळ्यांना करवतीभोवती उभं करून म्हणाले, "आता म्हणा, बंद." देवीच्या देवळात शिवी द्यायला सांगावं तसे आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात शेठ धावत आले.

"मुकादम, हंगामाच्या तोंडावर माझ्या दारात हे काय मांडलंय? लोक काय म्हणतील?"

"शेठ, त्या दिवशी मी शुभच बोललो होतो," आतोबा म्हणाले. "सदाच्या आईला जाऊन सांगा, शुभ बोललो होतो म्हणून. शब्द बदला, नाहीतर मुकादम बदला."

शेठनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तुमची माणसं काय म्हणायचं ते म्हणू देत. मी मेलो तरी तो शब्द तोंडातून काढणार नाही."

तेव्हापासून रोज इंजिन सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे कोरसात 'बंद' ओरडायचो. रस्त्यावरची माणसं हसायची, शाळेतली पोरं आम्हाला चिडवायची. आत्या देवापुढे रोज क्षमा मागायची. आणि पुढच्याच वर्षी माझ्या शेजारच्याचा पंचा पट्ट्यात गेला. चौघे एकदम ओरडले, "बंद!" इंजिन तिथल्या तिथे थांबलं, पंचा फाटला, माणूस राहिला. आम्ही आतोबांना खांद्यावर घ्यायला गेलो, तर ते भुशाच्या ढिगावर बसून रडत होते. "एवढाच शब्द होता रे," म्हणाले, "एवढाच."

त्या भुशानेच शेवटी त्यांची छाती धरली. ऐन वैशाखात, एका सकाळी ते गेले. तो निरोप घेऊन मी वखारीत गेलो. शेठनी डोक्यावरची टोपी काढली आणि पडवीकडे तोंड करून म्हणाले, "भिकू, आजच्या दिवस वाढव रे."

इंजिन चालूच राहिलं. शेठना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणाले, "अरे, वाढव." तेव्हा भिकू पडवीच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे पुसत होता.

"शेठ," तो म्हणाला, "काय करू त्ये नीट सांगा."

आमच्यापैकी कुणीही बोललं नाही. बोलणं सोपं होतं, रोजचाच शब्द होता. शेठनी एकदा गल्ल्यावरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं, एकदा पट्ट्याकडे.

"बंद कर, बाबा," ते म्हणाले.

भिकूने इंजिन बंद केलं. ते ऐकायला आतोबा हवे होते. म्हणाले असते, "बघ मेल्या, म्हटला की नाही? आता कुणाचं काय वाईट झालं?"