मिठागरात शिकलेला रिव्हर्स

विम्याकडे मी आजवर एक पैसा मागितलेला नाही. दरवर्षी एजंट येतो, कागद चाळतो आणि म्हणतो, "काका, क्लेम नाही, म्हणून सगळ्यात वरची सूट तुम्हाला." मी चौथी नापास. मला वरचा नंबर देणारा हा एकच कागद आहे. तो मी कपाटात लग्नाच्या फोटोखाली जपून ठेवतो.

यंदा एजंट गेला आणि मुलगा म्हणाला, "बाबा, सत्तरी उलटली. आता चावी माझ्याकडे द्या."

"का? कुणाला ठोकलं मी?"

"ठोकायची वाट बघायची काय?"

सून आतून म्हणाली, "अहो, नागावला गेटचा खांब कुणी घासला?"

मोबाइल बघत मुलानेच घासला होता. घासलेला बंपर मी स्वतःच्या खिशातून करून घेतला, क्लेम करू दिला नाही. माझी सूट गेली असती.

मग ठरलं. दिघीला भाचीचं लग्न होतं. जाताना गाडी तो चालवणार, येताना मी. माझी एक चूक दिसली, तर चावी त्याची.

आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी उलटी घालावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. मुलाने तीनदा घातली, तीनदा तिरकी गेली. रिव्हर्सचा कॅमेरा टीं-टीं करतोय, मागचे हॉर्न मारतायत आणि बोटीवरचा माणूस ओरडतोय, "ओ शेठ, खाडीत घालताय का?" शेवटी मुलगा खाली उतरला आणि माझ्यासाठी दार उघडून उभा राहिला.

मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि एका दमात गाडी आत लावली.

"बाबा, कुठं शिकलात हो?" बोटवाल्याने विचारलं.

"मिठागरात."

खोटं नाही, मी मिठाचा ट्रक चालवायचो. मिठागराचा बांध ट्रकच्या रुंदीचा, वळायला जागा न्हाय. रिकामा ट्रक रस्त्यापासून उलटा न्यायचा आणि भरला की सरळ बाहेर काढायचा. एक चाक घसरलं की बाजूच्या कोंडीतलं, म्हणजे वाफ्यातलं, मीठ चिखल. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया ट्रकच्या पुढे-मागे चालत असायच्या. इतक्या वर्षांत त्यांतल्या एकीलाही माझ्या चाकाला घाबरून बाजूला उडी मारावी लागली नाही. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं न्हाय, पण आहे.

लग्न आटोपायला तिन्हीसांज झाली. मुलाने चावी पुढे केली. "घ्या बाबा, तुमची पाळी."

मी डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो. "अंधारात मी चालवत नाही. समोरचे दिवे डोळ्यांत पसरतात. दोन वर्षं झाली."

"कधी बोलला नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू नुसती चावी मागितलीस."

तो हसला. "म्हणजे हरलात."

"हरलो कसा? कुठं थांबायचं ते मला कळतं, म्हणून तर विम्याचा कागद कोरा हाय."

बोटीपाशी मी खाली उतरलो आणि मागे उभा राहून हात दाखवत राहिलो. "कॅमेरा सोड, माझा हात बघ!" दुसऱ्या खेपेला गाडी नीट आत बसली. बोटवाला माझ्याकडे बघून हसला.

घरी आल्यावर मुलाने चावी दाराजवळच्या माझ्या खिळ्याला लावली. "दिवे लागल्यावर मला हाक मारा," एवढंच म्हणाला.

सकाळी मासळी आणायला गाडी घेऊन मीच गेलो.