चाकावरचा दिवा

मर्ल टॅपस्कॉटने गुहेत जाणं सोडून बरीच वर्षं झाली होती, पण गुहांनी तिला काही सोडलं नव्हतं. गुडघे गेले तेव्हा गुहा धुंडाळणाऱ्यांच्या क्लबने तिच्याकडे वाट बघायचं काम दिलं. कुणाला वाटेल, वाट बघणं हे काय काम झालं? चहा प्यायचा आणि बसायचं. असं वाटणाऱ्याने एकदा बसून पाहावं.

मोल क्रीकच्या खोऱ्यात रीत अशी, की गुहेत उतरणारा मर्लला सांगून उतरणार. कुठल्या गुहेत, किती जण आणि किती वाजेपर्यंत बाहेर. तोवर बाहेर आल्याचा फोन आला नाही, तर तिने पोलिसांच्या बचाव पथकाला कळवायचं. वेळेच्या आधी नाही आणि वेळेनंतरही नाही. गुहेतली माणसं याच भरवशावर निर्धास्त असतात. खाली चिखलात अडकून पडलेल्याला एवढं ठाऊक असतं, की वर मर्ल आहे आणि मर्लच्या भिंतीवर घड्याळ आहे.

फक्त मागच्या हिवाळ्यात तिचा धीर सुटला होता. नवरा लायोनेल गुहेत होता आणि तिने वेळेआधीच फोन लावला. अर्ध्या तालुक्यातून माणसं दोऱ्या, स्ट्रेचर घेऊन धावली. आणि ही गुहेतली मंडळी सापडली कुठे, तर पबच्या मागच्या अंगणात, मटणाचे पाय खाताना! फोन करायचं तेवढं विसरले होते. चूक त्यांची, पण खोऱ्याने हसून घेतलं ते मर्लला. लायोनेल तर इतका ओशाळला, की घरी आल्यावर म्हणाला, "यापुढे घड्याळाच्या आधी फोनला हात लावलास ना, तर मी सांगून जायचंच बंद करेन. मग बस बिनघोर."

लायोनेल बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता, हीच तर अडचण होती. आणि आज तो पुन्हा आत होता.

या वेळी 'पाद्र्याचं फडताळ' नावाच्या गुहेत. गुहेला असलं नाव देणारेही तेच आणि त्यात कोपरापासून ढोपरापर्यंत सोलून घेणारेही तेच. सोबत तॅम्सिन आणि तिचा नवरा रूबेन. वेळ ठरली होती संध्याकाळी सहाची. मर्लने सकाळी तिघांना सँडविचं बांधून दिली आणि प्रत्येकाच्या पिशवीत एकेक सफरचंद टाकलं.

दुपार उतरली तशी क्लबची मंडळी मर्लच्या जुन्या दूध काढायच्या शेडमध्ये जमली. मंडळी म्हणजे दोघंच. एक ग्रेम, तॅम्सिनचा बाप, क्लबचा अध्यक्ष, जन्मभर वायरमनकी केलेला. दुसरी नोलीन, शाळेची बस चालवणारी, जिच्या तोंडाला ब्रेक नव्हता. मर्लने भोपळ्याचे स्कोन, ते छोटे भुसभुशीत पाव, काढले, लोणी ठेवलं. क्लबचा एक न लिहिलेला नियम होता. माणसं आत असताना आणि वेळ व्हायची असताना गुहेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाकी दुनियेतलं काहीही चालेल.

"माझ्या छपरावर आता बावीस पॅनल झालेत," ग्रेम म्हणाला. "दिवसा मीटर उलटं पळतं. बायको म्हणते, त्या पॅनलांकडे बघतोस तेवढं माझ्याकडे कधी बघितलं नाहीस."

"पॅनल निदान उलटून बोलत नाहीत," नोलीन म्हणाली. "पण हिवाळ्यात काय करतोस रे? ऊन असतं का आपल्याकडे?"

"बॅटरी आहे ना!"

"बॅटरीचं मला सांगू नकोस. माझ्या त्या विजेच्या गाडीने होबार्टच्या वाटेवर मान टाकली. एका मेंढपाळाकडे गेले. त्याने मेंढ्यांची लोकर काढायची मशिनं बंद करून माझी गाडी चार्जिंगला लावली. चार तास बसले मी लोकरीत. घरी आले तर कुत्रा ओळखेना."

मर्ल हसली. हसताना तिची नजर घड्याळावर गेली आणि तिथून वर, दिव्यावर.

तो दिवा लायोनेलचा. पाद्र्याच्या फडताळातून वाहणारा ओढा डोंगराखालून येऊन त्यांच्याच कुरणात झऱ्यासारखा बाहेर पडतो. त्या झऱ्यावर लायोनेलने स्वतःच्या हाताने लाकडी चाक बसवलं होतं आणि चाकाला जोडली होती फेकून दिलेल्या वॉशिंग मशीनची मोटर. वीज नियंत्रित करणारं काहीही मध्ये नाही. पाणी फिरेल तसं चाक फिरणार, चाक फिरेल तसा शेडमधला हा एकच जुना विजेचा गोळा जळणार. ग्रेमला ते बघवत नसे. कितीदा म्हणाला, की मी नीट करून देतो. लायोनेल समोरचा दात पडलेल्या खिंडीतून शीळ घालत म्हणायचा, "माझा दिवा आहे, त्याला हवा तसा जळू दे."

त्या झऱ्यावरच मर्लला लायोनेल भेटला होता. तेव्हा ती बापाच्या गाई बघायची. एक चिखलाने माखलेला पोरगा कुंपण ओलांडून आला आणि विचारू लागला, इथून सफरचंदं बाहेर आली का? डोंगरापलीकडे गुहेत शिरलेलं पाणी इथेच निघतं का, हे बघायला त्याने ओढ्यात टोपलीभर सफरचंदं टाकली होती. "आली की," मर्ल म्हणाली होती. "दोन मी खाल्ली. बाकीची गाईंनी." त्याच्या शोधाचा पुरावा असा पोटात गेला, आणि पुढे लग्न झालं.

"ते सोड," नोलीन म्हणत होती. "डोंगराच्या कण्यावर पवनचक्क्या उभ्या करणार म्हणे. आपल्या गरुडांचं काय? पात्याला धडकून पडायचे."

"गरुड काय आंधळे आहेत? आणि वीज काय देवळातल्या घंटेतून येणार?"

"आपल्या बेटाला धरणांची वीज पुरून उरते. ही चक्क्यांची वीज समुद्राखालच्या तारेने पलीकडच्या मुख्य भूमीवर जाणार. चक्क्यांचा घों-घों आवाज आपल्याला आणि गारवा मेलबर्नच्या एसीला!"

"अगं, पृथ्वी तापतेय, तिला मेलबर्न वेगळं नाही." ग्रेमने स्कोन मोडला, पण खाल्ला नाही. मगापासून त्याने तीन स्कोन मोडले होते आणि एकही तोंडात गेला नव्हता. तोंडाचा पट्टा मात्र थांबत नव्हता. मर्लला ते दिसत होतं. पोर आत असलेला बाप दुसरं काय करणार? पवनचक्क्यांवर भांडणार.

बाहेर खोऱ्यात उतरतं ऊन होतं. टियर्सच्या डोंगररांगेच्या माथ्यावर मात्र ढग इतके खाली आले होते, की डोंगर अर्धाच उरला होता. तिथे काय चाललंय हे इथून कळायला मार्ग नव्हता. सकाळी रेडिओने रात्री पाऊस म्हटलं होतं, रात्री.

तेवढ्यात ग्रेमने वर बघून टाळी वाजवली. "बघा, बघा! लायोनेलच्या चाकाला आज चेव आलाय. काय झळकतोय गोळा! एवढ्या शिव्या दिल्या मी त्याला, पण मानलं. हिला म्हणतात फुकटची वीज!"

"खरंच की," नोलीन म्हणाली. "नेहमी तर पिवळा, आजारी दिसतो. आज वाचता येईल त्याच्याखाली."

मर्लच्या हातातली किटली टेबलावर आपटली. गोळा पिवळा नव्हता. पांढरा झाला होता, आणि बघता बघता आणखी पांढरा होत होता. तारेकडे डोळा लावून बघवत नव्हतं.

चाक जोरात फिरतंय. म्हणजे पाणी वाढलंय. खोऱ्यात थेंब नाही, म्हणजे पाणी वरून आलंय, माथ्यावरून, सरळ फडताळात. आणि फडताळात आत जायला एकच वाट आहे, ओढ्याच्या पात्रातून, कमरेएवढ्या बोळातून. तो बोळ भरायला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं. तिने तो पोहत पार केला होता, तरणी असताना, देवाचं नाव घेत.

घड्याळात अजून सहा वाजायला बराच अवकाश होता.

फोन भिंतीवरच होता, हात लांब केला की मिळेल असा. कदाचित ते बाहेर आले असतील, गाडीत कपडे बदलत असतील. मागच्या वर्षी असंच वाटलं होतं आणि असेच होते ते, हाडं चोखत. पुन्हा तसं झालं, तर लायोनेल सांगून जाणं बंद करील. मग तो कधी गेला, कुठे गेला, कुणालाच कळणार नाही. आणि आजच्यासारखा दिवस आला, तर कोण फोन करणार? आणि नाही केला, तर? सहापर्यंत? तिला त्या क्षणी लायोनेलचा असा राग आला, की तो समोर असता तर तिने त्याला किटली फेकून मारली असती.

"ग्रेम," ती म्हणाली, "दिवा बघ."

"बघतोय की. म्हटलं ना, झळकतोय…"

"वायरमन आहेस ना? मग बघ की नीट!"

ग्रेमने बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याखालचं सगळं खचलं. हातातला स्कोन खाली पडला. "वेळ झाली नाही, मर्ल," तो पुटपुटला. "नियम आहे. मीच केलाय." मग त्याच्या तोंडून कसाबसा शब्द आला, "कर फोन. कर ना!"

तो बोलायच्या आत मर्लचं बोट आकड्यांवर होतं.

पथक निघतंय असं पलीकडून सांगितलं आणि मर्लने फोन ठेवला. ग्रेमला गुहेच्या तोंडाशी जायचं होतं. पथक येईपर्यंत एकट्याने तिथे जाऊन तू आणखी एक माणूस शोधायला लावशील, म्हणून नोलीनने त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली. तिघंही अंधारू लागेपर्यंत दिव्याकडे बघत बसली. मघाशी ज्याचं कौतुक चाललं होतं, त्याच्याकडे आता शत्रूकडे बघावं तसं.

आणि दिवा गेला.

ग्रेम ताडकन उठला. "पाणी थांबलं?"

"पाणी कसं थांबेल? चाक अडकलंय," मर्ल म्हणाली. तिने टॉर्च उचलली आणि गुडघ्यांना न विचारता कुरण उतरू लागली. मागून ग्रेम, त्याच्यामागे नोलीन, बुटांऐवजी सपाता घालून.

झरा झरा राहिला नव्हता. तपकिरी पाणी डोंगराच्या पायथ्यातून उसळत होतं. चाकाच्या अलीकडे कचरा अडवायला लोखंडी जाळी होती. तिच्यात नेच्याच्या फांद्या, साली, मुळं असा भारा अडकून जाळी वाकली होती आणि चाकात घुसली होती. मर्ल काठावर आडवी झाली आणि दोन्ही हातांनी कचरा उपसू लागली. ग्रेमने तिला कमरेला धरलं. पाणी इतकं गार होतं, की बोटं कुणाची आहेत ते कळेना.

फांद्यांच्या खाली तिच्या हाताला गोल, गुळगुळीत काहीतरी लागलं.

सफरचंद. तिच्याच टोपलीतलं, लाल, एका अंगाने हिरवट. पिशव्या वाहून गेल्या, एवढंच तिच्या मनात आलं. पिशव्या गेल्या तर माणसंही… तिने टॉर्च त्याच्यावर धरली.

सफरचंदाला एक चावा घेतलेला होता. एकच. भला मोठा, अर्धं फळ नेणारा.

"थांब, अजून आहे," नोलीन ओरडली. दुसरंही तसंच, एका चाव्याचं, पण चावा छोटा, नीटनेटका. मर्लने ते ग्रेमच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट केलं आणि एकदम खाली बसला, चिखलात. तॅम्सिन लहानपणापासून असंच खायची, उंदरासारखं कुरतडून, आणि त्याने तिला त्यावरून आयुष्यभर चिडवलं होतं.

तिसरं बराच वेळ मिळेना. मर्ल वेड्यासारखी उपसत राहिली. ग्रेम म्हणाला, पुरे, तू पडशील. तिने ऐकलं नाही. शेवटी ते जाळीच्या तळाशी एका मुळाच्या बेचक्यात सापडलं. चाव्याच्या मधोमध फळाची एक उभी पट्टी शिल्लक होती, दात नसलेल्या जागी राहते तशी.

मर्ल रडली. मोठ्याने, लाज न बाळगता, गाईंसमोर.

तिघं जिवंत. पाण्याच्या वर कुठेतरी बसलेत, भुकेले, एक-एकच चावा घेऊन उरलेलं तिच्याकडे पाठवलेलं. पथकाची गाडी आली तेव्हा तिने पहिली दोन सफरचंदं दाखवली आणि सांगितलं, की बोळाच्या पलीकडच्या उंच कट्ट्यावर बघा, दुसरीकडे बसायला जागाच नाही. तिसरं तिने कुणाला दाखवलं नाही.

पाणी उतरेपर्यंत सकाळ झाली. तॅम्सिन आली, रूबेन आला, आणि शेवटी लायोनेल, ब्लँकेटात गुंडाळलेला, निळ्या ओठांचा, म्हातारा. मर्लने त्याच्या हातात चहा दिला. पण कप तिनेच धरून ठेवला.

"सफरचंदं पोचली?" त्याने विचारलं.

"पोचली. तुझं मी खाल्लं."

तो हसायला गेला, पण नीट जमलं नाही. मग चहाचा एक घोट घेतला. "फोन घड्याळाच्या आधी केलास ना?"

"हो," मर्ल म्हणाली. तिची मान ताठ होती. जे बोलायचं ते बोल, अशी.

"आमच्या बोळात पाणी दुपारीच आलं होतं," लायोनेल म्हणाला. "उशीर केलास, बाई."