दुधरामने झाडाचं पाणी तोडलं

दुधरामच्या हाताला गुण आहे, हे साऱ्या केशोरी गावाला ठाऊक होतं. ठाऊक नसून सांगतात कुणाला? दुधराम स्वतःच पानठेल्यावर इतक्यांदा सांगायचा, की नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. त्याने लावलेलं रोप मेलं, असं गेल्या कित्येक वर्षांत खरंच कुणी पाहिलं नव्हतं.

त्याचा मुलगा हिमांशू फौजेत. उत्तराखंडातून एकदा सुट्टीवर आला तो ओल्या फडक्यात गुंडाळलेलं चीडाचं, म्हणजे पाइनचं, रोप घेऊन. सुईसारखी पानं, डिंकाचा वास. बापलेकांनी ते घरामागच्या वाडीत, म्हाताऱ्या मोहाच्या शेजारी लावलं. गाव हसलं. पहाडातलं झाड या भट्टीत जगतं का? दुधराम इरेला पेटला आणि झाड जगलं, माणसाच्या डोक्यावर गेलं.

पुढे हिमांशूची बदली आणखी उंचावर झाली. तिथे फोन लागला तर लागला. तेव्हापासून त्याच्या आईने, सुमित्राबाईने, मनाशी एक गाठ मारली. झाड बरं, तर पोरगा बरा. सडा टाकून झाला की ती वाडीत जाऊन खोडाला हात लावून यायची. तोंडाने कधी बोलली नाही, पण नवऱ्याला ते कळत होतं.

उन्हाळा हल्ली होळीची वाट पाहत नाही. यंदा तर माघातच कौलं तापायला लागली. चीडाचा शेंडा तांबडा पडला.

"झाड वाळून राहिलं," सुमित्राबाई म्हणाली.

"तहान लागली त्याले," दुधराम म्हणाला, आणि धानवाला माणूस जे करील तेच त्याने केलं. झाडाभोवती मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातला, कालव्याचं पाणी वळवलं आणि घोटाभर पाणी साचवून ठेवलं. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला माया करायची हीच एक रीत येते. शेंडा आणखी तांबडा झाला. दुधरामने धुरा आणखी उंच केला. त्यातच पोराचा फोन येईना, आणि सुमित्राबाई दिवसातून दहादा खोडाला हात लावून येऊ लागली.

एका सकाळी फुटलेला धुरा लिंपताना चिखलात त्याच्या हाती एक मूळ आलं. काळं पडलेलं. बोटांनी दाबलं तर साल सुटून आली. त्याने ते नाकाशी नेलं. हा वास त्याच्या ओळखीचा होता. तरुणपणी कुणाचं न ऐकता त्याने खोलगट बांधीत, धानाच्या पाणी धरणाऱ्या वावरात, तूर पेरली होती, तेव्हा सगळी तूर अशीच वास मारत बसली होती. धान पाण्यात आणि तूर धुऱ्यावर, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"हे काही धान नोहोय, हे तूर होय!" स्वतःच्या कपाळावर हात मारत तो ओरडला, आणि फावडं घेऊन धुरा फोडू लागला.

आवाजाने सुमित्राबाई धावत आली. "काऊन पानी सोडून राहिले तुमी?"

"मुळं सडून राहिली वो."

"एवढ्या उन्हात पानी तोडता? माह्या लेकराचं पानी तोडून राहिले तुमी!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच रडू कोसळलं. त्याने खाली मान घालून पाणी सोडून दिलं. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग वैशाख पेटला. हातावर हात ठेवून गप्प बसण्याइतकं अवघड काम दुधरामने जन्मात केलं नव्हतं. तो मोहाखाली बसून राही. मोहाने पानं कधीच टाकली होती, फुलंही झडून गेली होती. आता विहिरी तळ दाखवत असताना त्या उघड्या झाडाला तांब्याच्या रंगाची कोवळी पानं फुटली. आकाशातून थेंब नाही, कुणी घागर ओतली नाही. एवढं पाणी याने आणलं कुठून? जन्मभर ज्याच्या सावलीत झोपला, ते झाड दुधराम पहिल्यांदाच पाहत होता.

आणि चीड? त्याने तोंडच मिटून घेतलं होतं. काही मागत नव्हता, काही देत नव्हता. जुन्या सुया गाळून त्याने आपल्याच मुळांवर अंथरल्या होत्या. इथला मोह सगळं टाकून मोकळा होतो, पहाडातला चीड दार लावून बसतो. दोघांनाही दुधरामच्या गुणी हाताची गरज नव्हती. हे कळलं तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याने नकळत हात जोडले.

तरी शेंडा गेलाच. वावटळीत कडकन मोडून पडला. दोघंही दिवसभर जेवली नाहीत. आणि दुसऱ्याच दिवशी हिमांशूचा फोन आला. बरा होता, हसत होता. सुमित्राबाईला ते खरं वाटेना. "मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिला तो," एवढंच ती भिंतीकडे पाहत म्हणाली.

मृगाच्या तोंडावर दुधरामने तिला वाडीतून हाक मारली. आवाज असा होता, की ती पदर न सावरता धावली. जमिनीपासून वीतभर वर, जाड साल फोडून, खोडावर एक झुबका आला होता. हिरवासुद्धा नाही, निळसर पांढुरका, लेकराच्या जावळासारखा मऊ. रोप होतं तेव्हा त्याची पानं अशीच होती. मोठं झालेलं झाड पुन्हा तान्हं होऊन आलं होतं.

सुमित्राबाई उकिडवी बसली. पोराचं फोनवरचं हसू तिला आता कुठे खरं वाटलं. मग तिने बोट लावलं आणि झाडाशीच बोलली.

"तुहा शेंडा मोडला तवा माहा पोट्टा हासत होता. मी उगीच तुह्या डोक्यावर त्याचा जीव ठेवला रे बाबा. आता पोट्ट्याची काळजी मी करीन, तू तुही कर."