डिम्पनाचं न रडणं

डिम्पना कोकली माझी शेजारीण. तिला बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहासुद्धा उभ्यानं, कप हातात घेऊन दारापर्यंत आणि परत. कोव्ह गावाच्या चढावर घर, खाली बंदर, आणि बाईच्या पायाला कायम भिंगरी.

बंदराजवळच्या जुन्या इमारतीत बोटीनं देश सोडून गेलेल्यांचं संग्रहालय आहे. तिथं मी तिकिटं फाडते. लांबलांबून माणसं येतात, पणज्याचं गाव विचारतात, डोळे पुसतात, लोकरीच्या टोप्या घेऊन जातात. डिम्पना कधी फिरकली नाही. "नेलीबाई, पैसे देऊन रडायला मी काय खुळी आहे?" मला म्हणायची.

त्या वर्षी आमच्याकडं कामधंदा आटला होता. तिची एकुलती एक ओर्ला, नर्सचं शिकलेली, तिला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. पोरगी गुरुवारी निघणार, आणि डिम्पनानं घरात फर्मान काढलं: निरोपाचा कार्यक्रम नाही, केक नाही, फिडलवर नाचगाणं नाही, विमानतळावर तर मी मुळीच येणार नाही. सगळ्या चढावर कुजबुज, आई रागावलीय म्हणून. ओर्लालाही तेच वाटत होतं. मंगळवारी ती आईला जवळजवळ ओढतच संग्रहालयाच्या दाराशी, माझ्यापुढं घेऊन आली.

"जायच्या आधी एवढं एक कर माझ्यासाठी," ती म्हणत होती.

"जा गं, तुला फुकट," मी म्हटलं.

"फुकट? उलट मलाच पैसे द्या!" डिम्पना फणकारली.

आत तिचा पाय ठरेना. बोटीच्या खोलीतून तरातरा बाहेर, फोटोंकडे ढुंकूनही नाही. तिचा चेहरा मला बरा दिसेना, म्हणून मी मागोमाग गेले. मेणाच्या पुतळ्यांपाशी मात्र माणसांच्या घोळक्यानं वाट अडली. तिथं 'अमेरिकेचं मयत' मांडलंय. पूर्वी पोरगा बोटीनं निघाला की आदल्या रात्री घरात तसंच बसायचे, मेलेल्याशेजारी बसतात तसे. चहा, मनुकांचा पाव, बिअर, नाच, आणि शेवटी बायकांचं हेल काढून रडणं. तो रडका सूर तिथं टेपवर सारखा चालू असतो.

डिम्पना उलटी फिरली. ओर्ला आडवी आली.

"आई, एवढा कसला गं राग? मी काय चोरी करून चाललेय?"

"राग?" डिम्पनाचा आवाज चढला. "अगं, माझ्या फिंटनदादाला आम्ही हेच केलं! तो चांगला धडधाकट, कोपऱ्यात बसून हॅम खातोय, आणि आई त्याच्याच गळ्यात पडून मेल्यासारखी रडतेय. मीही रडले, एवढीशी होते. जिवंत माणसाला रडून मोकळे झालो आम्ही, आणि त्यानं ते खरं केलं. आई गेली तरी आला नाही. तुझ्यासाठी मी नाही रडायची. रडले की तू गेलीसच!"

ओर्लाचे डोळे भरले. "आणि मी समजत होते, तुला माझं काहीच वाटत नाही."

"मूर्ख कार्टी." डिम्पना दोन पावलं गेली, परत आली. "नाताळला येशील ना? खरं सांग."

कुणीही 'हो' म्हणून मोकळं झालं असतं. मी तर झालेच असते.

"माहीत नाही, आई," ओर्ला म्हणाली. "इतक्यात सुट्टी नाही मिळायची. आणि पुढचं... पुढचं मला खरंच माहीत नाही."

डिम्पना जागच्या जागी थांबली. मग पुतळ्यांपुढची दोरी ओलांडून आत गेली. मेणाच्या बाईशेजारी बाकावर जागा होती, तिथं बसली. बसली, खरंच.

"ये," ती लेकीला म्हणाली. "इथं बस, माझ्याजवळ."

मी धावत जाऊन टेप बंद केली. डिम्पनानं ओर्लाचं डोकं छातीशी घेतलं आणि जुन्या बायकांसारखा सूर लावला. "माझ्या ओर्ला गं, तुझ्या ओल्या बुटांसाठी आता कुणावर ओरडू गं! माझ्या ओर्ला गं, जिन्यात कुणाच्या पावलांची वाट बघू गं!" घोळक्यातल्या दोघातिघांनी फोन वर धरलेले. ती थांबल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती छान करतात हो दोघी!" रेनकोटवाली एक बाई मला म्हणाली. "पुढचा प्रयोग किती वाजता?"

"पुढचा नाही, बाई," मी म्हणाले.