गालाला न लागलेला थेंब

ताईच्या गालावरची चामखीळ आज सकाळी तिच्याबरोबर चितेवर गेली.
जशी होती तशी. शाबूत.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं घर चौलला, नारळ-सुपारीच्या वाडीत. ताई मुंबईला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती. केमिस्ट्री.
सुट्टीत घरी आली, तर बाबांनी तिचं लग्न जवळजवळ ठरवलेलं.

मुलाला ताई पसंत होती. चामखीळ पसंत नव्हती.

म्हणून मुलाचे काका आले. लाँचने रेवसला उतरून, खिशात छोटी बाटली घेऊन.
हे म्हणे रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. म्हणजे असं तेच सांगायचे. मला विचाराल तर त्यांना कोणी साध्या बाटल्या धुवायलाही ठेवलं नसतं.

ओटीवर बसून म्हणाले, "रोज एक थेंब गालाला लावायचा. साखरपुड्यापर्यंत साफ."

ताईने लेबल वाचलं. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड.
"हे जाळेल," ती म्हणाली.
"अगं, नावातच ॲसेटिक आहे. व्हिनेगरचा भाऊ. व्हिनेगर तर लोक खातात."
बाबा म्हणाले, "सुमन, गप्प राहा. ते शिकलेले आहेत."

ताई कसली गप्प राहते.
"व्हिनेगरमध्ये जिथे तीन हायड्रोजन असतात, तिथे यात तीन क्लोरीन आहेत. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. तिघांनी मिळून ओढलं की ॲसिडच्या टोकाचा हायड्रोजन सैल होतो. तो जितका सहज सुटेल, तितकं ॲसिड जहाल. हे व्हिनेगरच्या हजारो पट जहाल आहे, काका."

काका हसले. "हल्ली मुलींकडून बरंच पाठ करून घेतात."
"मग तुमच्याच हातावर लावा की. व्हिनेगरच तर आहे."

आता माघार कशी घेणार? अख्खं घर बघत होतं. त्यांनी ऐटीत मनगटावर थेंब टाकला. वर चोळलासुद्धा. केवढे ते विद्वान.

बघता बघता कातडी चुन्यासारखी पांढरी झाली, आणि काका ओरडत विहिरीकडे धावले.
बाबा बराच वेळ त्यांच्या हातावर पाणी ओतत होते.

इथे तरी लाज वाटावी की नाही?

काका मनगटावर फुंकर मारत परत ओटीवर बसले. म्हणाले, "मुलीच्या जातीने थोडं सोसायला हवं. चामखीळ गेली की पुढचं बोलू."

म्हणजे जळतं हे त्यांना कळलं होतं. तरीही ते तिच्या तोंडाला लावायचं होतं.

बाबांनी बाटली उचलून त्यांच्या हातात दिली.
"निघा आता. लाँच चुकेल तुमची."

गावाने बाबांना पुढे खूप ऐकवलं. ताईने एम.एस्सी. केलं, जन्मभर केमिस्ट्री शिकवली. लग्न केलं नाही, कारण तिला कोणी पटलं नाही.

आज स्मशानात एक नातेवाईक हळूच म्हणाले, "हुशार होती हो. पण लग्न राहिलं, बिचारी."

बिचारी म्हणे.
त्यांना या पोस्टमध्ये टॅग केलंय.

ताई, आज रडू कमी आणि चीडच जास्त येतेय. तुला चालेल ते.
फार प्रेम होतं गं तुझ्यावर. नीट जा.